रेंज नसलेल्या शाळेत ऑनलाइन साहित्य: नव्या शिक्षकांसाठी

आमच्या शाळेत मोबाइलला रेंज दोनच ठिकाणी मिळते. एक पाण्याच्या टाकीच्या पायऱ्यांवर आणि दुसरी लिंबाच्या झाडाखाली. गंगाखेड तालुक्यातली वस्तीवरची शाळा, पहिली ते चौथी, दोन शिक्षक. लाइट सकाळी असली तर दुपारी नसते. तरीही गेली काही वर्षं मी वर्गात जे वापरतो त्यातलं निम्मं साहित्य नेटवरचं आणि फुकटातलं असतं.

नवीन रुजू झालेले शिक्षणसेवक शिक्षण परिषदेत भेटले की विचारतात, “सर, एखादं चांगलं ॲप सांगा ना.” संध्याकाळी मारुतीच्या पारावर लेकरं जमवून शिकवणाऱ्या गावातल्या पोरीही हेच विचारतात. नुसतं नाव सांगून भागत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो. माझं म्हणणं एवढंच आहे की लेकरांसमोर नेट उघडायचं नाही. नेट उघडायचं आदल्या रात्री, घरी. शाळेत न्यायचं ते त्यातून निवडलेलं, स्वतः पूर्ण पाहिलेलं आणि उतरवून घेतलेलं.

हे शहाणपण मला फजितीतून आलं. पहिल्या वर्षी उत्साहाच्या भरात मोबाइलचा हॉटस्पॉट टीव्हीला जोडला आणि पाऊस कसा पडतो याचा व्हिडिओ लावला. पडद्यावर गोल चकरी फिरत राहिली. दहा मिनिटांनी चित्र आलं ते पत्ते खेळून पैसे कमवायच्या जाहिरातीचं. पाऊस कुणाच्याच लक्षात राहिला नाही. दुसऱ्या दिवशी परिपाठाला दुसरीतल्या एका पठ्ठ्याने ती जाहिरात मात्र शब्दन् शब्द म्हणून दाखवली.

आधी लेकरू कुठं आहे ते बघा

साहित्य शोधायच्या आधी एक-दोन दिवस यासाठी द्या. प्रत्येक लेकराला शेजारी बसवून पाच मिनिटं वाचून घ्या. यासाठी ‘असर’ सर्वेक्षणाची वाचन चाचणी फार सोयीची आहे. ‘प्रथम’ संस्था २००५ पासून ग्रामीण भागात हे सर्वेक्षण करते, आणि त्यातलं साधन मराठीतही नेटवर मोफत मिळतं. एक-दोन कागदांचा मामला आहे. काही अक्षरं, काही सोपे शब्द, एक छोटा परिच्छेद, एक गोष्ट. लेकरू जिथं अडखळतं तो त्याचा स्तर. आकडेमोडीसाठीही असाच कागद आहे: अंक ओळख, वजाबाकी, भागाकार.

माझ्या तिसरीच्या वर्गात अकरा जण होते. तिघं अक्षरांवर, चौघं शब्दांवर, दोघं परिच्छेदावर आणि दोघं गोष्ट सरसर वाचणारे. म्हणजे ‘तिसरीसाठी गोष्टी’ असं शोधून मी जे आणलं असतं ते अकरांपैकी दोघांच्याच कामाचं झालं असतं. वहीच्या शेवटच्या पानावर ही चार गटांची यादी करून ठेवा. पुढचं सगळं शोधणं या यादीसाठी आहे. २०२१ च्या जुलैमध्ये सुरू झालेल्या निपुण भारत अभियानाचाही रोख हाच आहे की तिसरी संपेपर्यंत लेकराला समजून वाचता आलं पाहिजे आणि साधी गणितं करता आली पाहिजेत. तेव्हा वेगळं काही करतोय अशी भीती बाळगू नका. केंद्रप्रमुखांना हीच यादी दाखवता येते.

सामान काय लागतं

फार नाही. एक साधा स्मार्टफोन, ३२ जीबीचा पेन ड्राइव्ह, पेन ड्राइव्ह फोनला लावायची ओटीजीची छोटी पिन आणि ब्लूटूथ स्पीकर. बऱ्याच शाळांमध्ये लोकवर्गणीतून घेतलेला टीव्ही असतो आणि बऱ्याच ठिकाणी तो कपाटात उपरण्याखाली झाकलेला असतो. तो बाहेर काढा. टीव्ही नसला तरी अडत नाही. चार-पाच लेकरांच्या गटाला फोनही पुरतो, आणि आवाज स्पीकरवर दिला तर सगळ्या वर्गाला गोष्ट ऐकवता येते. लाइट नसलेल्या दिवशी मी हेच करतो.

झेरॉक्सचा खर्च मात्र धरून चला. गंगाखेडच्या बाजारच्या दिवशी मी आठवड्याच्या प्रती काढून आणतो. शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत विषय मांडला तर सादिलमधून, म्हणजे शाळेच्या किरकोळ खर्चाच्या अनुदानातून, थोडी सोय होऊ शकते. न मांडता खिशातून खर्च करत राहिलात तर तीन महिन्यांत उत्साह संपतो, हे अनुभवाने सांगतो.

पहिला थांबा: आपलंच पाठ्यपुस्तक

नवीन माणूस पहिल्यांदा यूट्यूबवर जातो. मी म्हणतो, आधी हातातलं पुस्तक बघा. बालभारतीच्या पाठ्यपुस्तकांच्या पीडीएफ तिच्या संकेतस्थळावर मोफत मिळतात. बालभारती १९६७ साली स्थापन झाली. मराठीबरोबर उर्दू आणि इतर माध्यमांची पुस्तकंही तिथं आहेत. लेकराचं पुस्तक फाटलं, हरवलं, जूनमध्ये एखादा संच कमी आला, अशा वेळी दोन पानं छापून देता येतात. टीव्हीवर चित्र मोठं करून दाखवता येतं. तिसरीच्या परिसर अभ्यासात जिल्ह्याचा नकाशा असतो. तो पुस्तकात तळहाताएवढा दिसतो, टीव्हीवर भिंतभर.

पीडीएफ उतरवताना मुखपृष्ठाच्या आतलं वर्ष बघा. मध्यंतरी, २०२३-२४ मध्ये, वहीची कोरी पानं जोडलेली चार भागांची पुस्तकं आली, नंतर ती पद्धत बंद झाली, आता अभ्यासक्रमही टप्प्याटप्प्याने बदलतोय. जुनी पीडीएफ घेऊन शिकवायला उभे राहिलात तर पान नंबर जुळत नाहीत, आणि वर्गातलं चुणचुणीत लेकरू ते लगेच पकडतं.

पुस्तकातल्या चौकोनी क्यूआर कोडचं काम ‘दीक्षा’ ॲप करतं. ५ सप्टेंबर २०१७ ला, शिक्षकदिनी, ते सुरू झालं. ॲप उघडल्यावर भाषा मराठी निवडा, मंडळ महाराष्ट्र राज्याचं, मग माध्यम आणि इयत्ता. क्यूआर कोडवर कॅमेरा धरला की त्या पाठाचे व्हिडिओ, स्वाध्याय, कधी गाणी दिसतात. कॅमेरा खराब असेल तर कोडच्या खाली छापलेली सहा अक्षरं-अंक टाइप केले तरी चालतं. हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. व्हिडिओखाली डाउनलोडची खूण असते. ती दाबून घरीच उतरवून घ्या, मग शाळेत नेटशिवाय चालतो.

माझं प्रामाणिक मत विचाराल तर दीक्षावरचं सगळंच साहित्य सारखं नाही. काही व्हिडिओ फार सुंदर आहेत, काहींमध्ये कुणीतरी नुसता पाठ वाचून दाखवलाय. तेवढं तुम्ही स्वतः जास्त चांगलं करता. म्हणून रात्री पूर्ण बघा आणि दहातला एक ठेवा.

गोष्टी: इथं सगळ्यात जास्त वेळ द्या

वस्तीवरच्या लेकरांच्या घरात पाठ्यपुस्तकाशिवाय दुसरं पुस्तक क्वचित असतं. वाचायला शिकवायचं तर वाचायला काहीतरी हवं, आणि तेच नसतं. म्हणून मला विचाराल तर सगळ्या ऑनलाइन साहित्यात सगळ्यात मोलाचं म्हणजे ‘स्टोरीवीव्हर’. प्रथम बुक्सने ८ सप्टेंबर २०१५ ला, साक्षरता दिनी, ते सुरू केलं. गुगलवर मराठीतच ‘स्टोरीवीव्हर मराठी गोष्टी’ असं टाइप करा.

आत गेल्यावर भाषा मराठी निवडा आणि मग पातळी. पातळ्या चार आहेत. पहिलीत अडीचशेपर्यंत शब्द आणि पुन्हा पुन्हा येणारी वाक्यं, चौथीत दीड हजारांहून जास्त शब्द. इथं ती वहीच्या शेवटच्या पानावरची यादी काढा. अक्षरांवर असलेल्या लेकरांसाठी पहिल्या पातळीतल्या, एका पानावर एकच ओळ असलेल्या गोष्टी. शब्दवाल्यांसाठी पहिल्याच पातळीतल्या जरा मोठ्या. इयत्ता बघू नका. तिसरीतलं लेकरू पहिल्या पातळीची गोष्ट वाचतंय यात लाज कसली?

गोष्ट निवडताना मी तीन गोष्टी पाहतो. चित्रावरून निम्मी गोष्ट कळते का, वाक्यं मराठीची वाटतात का (काही भाषांतरं ओढूनताणून केलेली आहेत, ती सोडून द्या), आणि लेकरांना त्यात आपलं काही दिसतं का. शेळी हरवल्याची गोष्ट आमच्याकडे मेट्रोच्या गोष्टीपेक्षा जास्त चालते. पण एखादी मेट्रोचीही ठेवतो. लेकरं प्रश्न विचारून भंडावून सोडतात, ते चांगलंच असतं.

या गोष्टींचा परवाना ‘क्रिएटिव्ह कॉमन्स’चा आहे, त्यातला ‘सीसी बाय’ प्रकार. म्हणजे तुम्ही गोष्ट उतरवू शकता, छापू शकता, वाटू शकता, भाषांतर करू शकता, फक्त लेखक-चित्रकाराचं नाव काढून टाकायचं नाही. पीडीएफचं शेवटचं श्रेयाचं पान झेरॉक्स काढताना वाचवायला जाऊ नका, तेही काढा. नेटवर जे दिसतं ते सगळं असं मोकळं नसतं. बाजारातल्या पुस्तकांची कुणीतरी ग्रुपवर टाकलेली पीडीएफ ही फुकट मिळाली तरी आपली नसते.

आता घरच्या भाषेचं. आपल्याकडे तांड्यावरची लेकरं घरी गोरबोली बोलतात. देगलूर-बिलोलीकडे तेलुगू कानावर असते, उदगीर-निलंग्याकडे कानडी, आणि मोहल्ल्यातल्या लेकरांची दखनी उर्दू. पुस्तकातली मराठी त्यांच्यासाठी जवळजवळ दुसरी भाषाच असते. मी शेजारच्या तांड्यावर काही महिने होतो तेव्हाची गोष्ट. पहिल्या पातळीची एक गोष्ट छापून नेली होती. चित्रात आई चुलीपुढे बसलेली, खाली ओळ, ‘आई भाकरी करते.’ एक मुलगी तीन दिवस या ओळीवर गप्प. अक्षरं तिला येत होती. चौथ्या दिवशी तिने चित्रावर बोट ठेवलं आणि हळूच म्हणाली, “याडी.” मग तव्यावर बोट ठेवून, “बाटी.” मी तिच्याच हातात पेन्सिल दिली आणि छापलेल्या ओळीखाली ते दोन शब्द तिच्याकडून लिहून घेतले. ‘याडी’ लिहिताना ‘ड’ उलटा पडला होता, तो तसाच ठेवला. त्यानंतर वरची ओळ तिने न अडखळता वाचली.

तेव्हापासून मी गोष्टी छापताना ओळीखाली जागा सोडतो. लेकरं तिथं आपल्या बोलीतला शब्द पेन्सिलीने लिहितात. खर्च काही नाही. स्टोरीवीव्हरवर खातं काढून पूर्ण भाषांतरही करता येतं, तेलुगू, कानडी, उर्दूतल्या गोष्टीही तिथं आहेत. पण सुरुवात पेन्सिलीने करा.

हल्ली बरेच जण एआयकडून गोष्ट लिहून घेतात. घ्या, पण वाचून. मी पोळ्यावर पाच ओळी मागितल्या तर त्याने पोळा चैत्रात नेऊन ठेवला. बैलसुद्धा हसले असते.

गणितासाठी एक-दोन जागा पुरतात

अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठाचा ‘फेट’ नावाचा प्रकल्प आहे, २००२ मध्ये नोबेलविजेते शास्त्रज्ञ कार्ल वीमन यांनी सुरू केलेला. त्यात हाताने हलवून बघायची आभासी खेळणी आहेत आणि बरीचशी मराठीतही आहेत. प्राथमिकसाठी मी दोनच वापरतो. एक दहाचा गट करायचं: पडद्यावर ९ आणि ४ असतात, चारमधून एक ओढून नवाला चिकटवला की १० आणि ३. हातच्याची बेरीज लेकरांना पाठ असते पण कळलेली नसते, ती इथं कळते. दुसरं अपूर्णांकांचं, ज्यात गोल, पट्टी, केक यांचे तुकडे उचलून ठेवता येतात. ही खेळणी लॅपटॉपवर उतरवून ठेवली की ब्राउझरमध्ये नेटशिवाय उघडतात.

पण अपूर्णांक पडद्यावरून सुरू करू नका. पोषण आहाराच्या वेळी ‘अर्धी’, ‘चतकोर’, ‘पाऊण’ हे शब्द लेकरांच्या तोंडात असतातच. आधी कागदाची भाकरी कापा, चतकोर म्हणजे किती ते त्यांच्याकडून काढून घ्या, मग १/४ फळ्यावर लिहा, आणि शेवटी पडद्यावरचा गोल. उलटं केलं तर १/४ म्हणजे ‘एकवर चार’ एवढंच डोक्यात बसतं.

हाताने करायचं साहित्य

अरविंद गुप्ता हे नाव बहुतेकांनी ऐकलेलं असतं. आयआयटी कानपूरला शिकलेले, कारखान्यातली नोकरी बाजूला ठेवून मध्य प्रदेशात होशंगाबादच्या विज्ञान शिक्षणाच्या कामाकडे वळलेले, नंतर पुण्याच्या आयुका संस्थेच्या मुलांच्या विज्ञान केंद्रात रमलेले. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या संकेतस्थळावर टाकाऊतून करायच्या खेळण्यांचे मिनिटा-दोन मिनिटांचे व्हिडिओ आणि मराठीसह अनेक भाषांतली पुस्तकं मोफत आहेत. नवीन शिक्षकाने एकच संकेतस्थळ लक्षात ठेवायचं म्हटलं तर मी स्टोरीवीव्हरनंतर हेच सांगेन.

माझा सुरुवातीचा आवडता प्रयोग म्हणजे काड्यापेटीच्या काड्या आणि सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब. सायकलच्या दुकानात मागितली की मिळते. तिचे बोटाच्या पेराएवढे तुकडे करा. काड्यांचं गुल आधी खरवडून टाका, हे काम घरी करा, लेकरांवर सोपवू नका. तीन काड्या तुकड्यांनी जोडल्या की त्रिकोण, चार जोडल्या की चौकोन. चौकोन दाबला की वाकडा होतो, पसरतो, चपटा होतो. त्रिकोण काही केल्या हलत नाही.

हे मी चौथीच्या वर्गात केलं तेव्हा सगळे चौकोनच दाबत बसले होते. एक मुलगा मात्र वर बघत होता, शाळेच्या पत्र्याकडे. त्याचा बाप शेड मारायची, वेल्डिंगची कामं करतो. तो म्हणाला, “सर, म्हणून कैची तिकोनी असती का?” पत्र्याखालच्या लोखंडी सांगाड्याला आपल्याकडे कैची म्हणतात. मग सगळा वर्ग बाहेर. गोठ्याची कैची, विजेच्या टॉवरवरच्या आडव्या-तिरप्या पट्ट्या, बाजेला आडवी ठोकलेली पट्टी. तास संपला तरी कुणी आत यायला तयार नव्हतं. व्हिडिओ मी त्या दिवशी दाखवलाच नाही. तो मी रात्री पाहिला होता, तेवढं पुरलं.

म्हणून या प्रकारचे व्हिडिओ वर्गाला दाखवण्याआधी विचार करा की तो लेकरांनी बघायचा आहे की तुम्ही. बहुतेक वेळा तुम्हीच. लेकरांना काड्या द्या.

माहितीसाठी मराठी विश्वकोश ऑनलाइन मोफत वाचता येतो. भाषा थोडी जड आहे, तुम्ही वाचा आणि सोपं करून सांगा. मराठी विकिपीडिया ‘किविक्स’ ॲपमध्ये एकदा उतरवून घेतला की नेट नसताना उघडतो. सतरा सप्टेंबरला मुक्तिसंग्राम दिनाचं भाषण तयार करताना मला तो उपयोगी पडला. मात्र त्यातले आकडे आणि सालं दुसरीकडे पडताळा. शाळेत चार-पाच टॅब असतील तर ‘कोलिब्री’ नावाची प्रणाली बघा. एका लॅपटॉपवर साहित्य ठेवून बाकी टॅब त्याला वाय-फायने जोडता येतात, बाहेरचं नेट लागत नाही. एवढं सामान नसेल तर त्याच्या नादी लागू नका.

पेन ड्राइव्ह लावायची रीत

हे किरकोळ वाटतं, पण अर्धे लोक इथंच दमतात. पेन ड्राइव्हवर शंभर फाइल नुसत्या ओतल्या तर वर्गात हवी ती सापडत नाही, आणि तोवर मागच्या बाकावर कुस्ती सुरू होते.

फोल्डर गटांप्रमाणे करा, इयत्तेप्रमाणे नको. माझे असे आहेत: ‘१ अक्षर’, ‘२ शब्द’, ‘३ परिच्छेद’, ‘४ गोष्ट’, ‘५ गणित’, ‘६ ऐकायचं’. फाइलचं नाव बदलून त्यात मिनिटं टाका. ‘दहाचा गट, ४ मिनिटं’ असं नाव असलं की तासात बसेल का ते लगेच कळतं. वापरून झाल्यावर चाललं तर नावापुढे एक फुली, नाही चाललं तर सरळ पुसून टाका. जागेचा मोह धरू नका.

जुन्या टीव्हीला बऱ्याचदा ‘फॅट-३२’ पद्धतीने फॉरमॅट केलेलाच पेन ड्राइव्ह कळतो. त्या पद्धतीत चार जीबीपेक्षा मोठी एक फाइल बसत नाही, पण आपल्याला तेवढी मोठी लागतही नाही. व्हिडिओ एमपी-४ असला की बहुतेक टीव्ही चालवतात. नवीन पेन ड्राइव्ह घेतला की सोमवारची वाट न बघता शनिवारीच सगळे गेल्यावर शाळेच्या टीव्हीला लावून बघा. आवाज येतो का तेही. चित्र दिसतं आणि आवाज येत नाही, हा प्रकार मला दोनदा झालाय, आणि दोन्ही वेळा शाळेत पाहुणे आलेले होते.

यूट्यूबवरचे व्हिडिओ इतर ॲपने उतरवणं त्यांच्या नियमांत बसत नाही. त्याच ॲपमध्ये ऑफलाइन ठेवायची सोय आहे, ती वापरा, आणि आपोआप पुढचा व्हिडिओ सुरू होतो ती खूण बंद करून ठेवा.

वर्गात

दोन शिक्षक, चार इयत्ता. एका गटाला टीव्ही लावला की बाकीचे गट मान वळवून तेच बघतात. म्हणून टीव्ही मागच्या भिंतीला ठेवा, फळ्याच्या विरुद्ध बाजूला. आणि बाकीच्यांना त्या वेळी हाताचं काम द्या: बिया मोजणं, शब्दचकती, पाटीवरची शुद्धलेखनं. वाचनाचं काम त्या वेळी होत नाही, आवाज असतो.

पाच ते सात मिनिटांच्या वर काही दाखवू नका. मध्ये एकदा थांबवा आणि विचारा, “आता काय होईल?” उत्तरं ऐका, मग पुढं. संपल्यावर ‘काय शिकलात’ असं विचारलं की लेकरं गप्प बसतात. त्याऐवजी “यातलं तुमच्या रानात काय आहे?” असं विचारलं की सगळे एकदम बोलतात. दिवसाला एकच गोष्ट दाखवायची. फोन स्वतःचा असेल तर विमान मोडवर टाका, नाही तर गोष्ट रंगात आलेली असताना बँकेचा कर्जवाला फोन करतो.

उसाला गेलेली लेकरं

दसरा-दिवाळी झाली की ऊसतोडीच्या टोळ्या निघतात आणि वर्ग रिकामा होऊ लागतो. काही लेकरं हंगामी वसतिगृहात किंवा आजीकडे थांबतात, काही आईबापाबरोबर कारखान्याच्या फडावर, कोपीवर (ऊसतोडवाल्यांच्या झोपडीवर) जातात. त्यांच्यासाठी ऑनलाइन वर्ग वगैरे विसरा. कोपीत एकच फोन असतो, तो वडिलांकडे, आणि चार्जिंग मुकादमाच्या टेंटवर.

चालतं ते असं. निघायच्या आधी लेकराला त्याच्या स्तराच्या सात-आठ गोष्टी छापून द्या, शिवून, पुठ्ठा लावून. आणि रात्री आठच्या सुमाराला व्हॉट्सॲपवर दोन मिनिटांचा आवाजाचा संदेश पाठवा, त्यातल्याच एका गोष्टीचा. फाइल छोटी असते, कमी रेंजमध्येही जाते. व्हिडिओ पाठवला तर तो उघडतच नाही आणि बापाचा डेटा जातो. आवाज ऐकत लेकरू छापलेल्या ओळीवर बोट फिरवतं. परतीचा आवाज मागवा, पण न आल्यास रागावू नका. माझ्या एका विद्यार्थ्याने दीड महिना काही पाठवलं नाही आणि मग एका रात्री सलग चार गोष्टी वाचून पाठवल्या, मागे बैलांच्या घुंगरांचा आवाज. मार्च-एप्रिलमध्ये परत आल्यावर पुन्हा पाच मिनिटांची चाचणी घ्या आणि वहीतली यादी बदला.

फोटो आणि परवानगी

टीव्हीवर गोष्ट बघणाऱ्या लेकरांचे फोटो टाकायचा मोह होतो. ग्रुपवर अहवाल म्हणून मागतातही. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती गरजेची धरली आहे. वर्षाच्या सुरुवातीला पालकसभेतच एका साध्या कागदावर सह्या किंवा अंगठे घ्या, आणि ज्यांनी नको म्हटलं त्यांची नावं लक्षात ठेवा. अहवालाला पाठीमागून काढलेला, चेहरा न दिसणारा फोटो चालतो. लेकरांच्या नावाने कुठल्याही ॲपवर खातं काढू नका. वर सांगितलेल्या बहुतेक जागी खातं न काढताच साहित्य मिळतं, आणि जिथं लागतं तिथं ते शिक्षकाचं पुरतं.

पहिल्या आठवड्यासाठी एवढंच करा. सोमवारी-मंगळवारी वाचन चाचणी आणि यादी. बुधवारी रात्री स्टोरीवीव्हरवरून प्रत्येक गटासाठी दोन गोष्टी. गुरुवारी झेरॉक्स. शुक्रवारी वाचायला द्या आणि बाजूला उभं राहून कोण कुठं अडतं ते पाहा. शनिवारी अर्धी शाळा सुटल्यावर टीव्हीवरचं उपरणं काढून पेन ड्राइव्ह लावून बघा. आवाज येतो का, तेवढं तपासा.